आयत्या वेळचा विषय : गिरणगावातल्या ग्रामस्थ मंडळांना खुले पत्र

प्रति,
मुंबईतल्या सर्व ग्रामस्थ मंडळांचे अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि सभासद,
लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, डिलाईल रोड, वरळी;
तसंच गिरणगाव सोडून डोंबिवली, बदलापूर, विरार, पनवेलला गेलेले सगळे.

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्यापैकी एका मंडळाच्या वार्षिक सभेला मी आले होते. विषयपत्रिकेवर माझा नंबर शेवटचा, ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ ह्या सदरात. आधी इतिवृत्त झालं, जमाखर्च झाला, गावच्या देवळाच्या कळसाची वर्गणी पाऊण तास झाली. मग पुनर्विकासात गावकीच्या सामाईक खोलीचं काय होणार यावर दीड तास गेला आणि दोघे जण रागाने उठून गेले. माझी पाळी आली तेव्हा वडापावची पिशवी सुटली होती. मी बोलायला उभी राहिले, तर मागून एक काका प्रेमाने म्हणाले, “पोरी, थोडक्यात आटप. मला कर्जत गाठायचीय.”

थोडक्यात आटपेना, म्हणून हे पत्र.

मी गेली सहा वर्षं गिरणगावातल्या खाणावळवाल्यांवर एक माहितीपट करते आहे. चित्रीकरण संपलं आहे, एडिटिंग बरंचसं झालं आहे, पैसे पूर्ण संपले आहेत. नाव अजून ठरलेलं नाही. ती फिल्म पुरी करायला आपल्याकडे पैसे मागते आहे. हे पहिल्यांदाच सांगून टाकते, नाहीतर चार पानं वाचून शेवटी पावतीपुस्तक निघालं की माणसाला फसल्यासारखं होतं.

खाणावळ म्हणजे काय हे आपल्यातल्या साठीच्या पुढच्यांना सांगायला नको. बायको-पोरं गावी, धनी मुंबईत. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-वीस, तीस-तीस गडी, प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी, पाळीपाळीने झोपायचं. सकाळी सातची पहिली पाळी, साडेतीनची दुसरी, रात्री बाराची तिसरी. ह्या माणसांना रांधून कोण घालणार? त्याच चाळीतली एखादी बाई, जिचा नवरा गिरणीतून आजारी होऊन घरी बसला, किंवा गेला, किंवा होता पण दारूत होता. ती शेगडी पेटवायची. महिन्याचं खाणं ठरलेलं, दोन वेळचं ताट, गावी गेलात की तितक्या दिवसांचे खाडे वजा. तीन पाळ्या म्हणजे तिच्या चुलीलाही तीन पाळ्या. फरक एवढाच, की गिरणीत माणसं बदलत होती आणि चुलीपुढे तीच ती.

१८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीमुळे गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. आपण सगळे हे अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवं. पण एडिटिंग करताना एका आजीचं एक वाक्य सापडलं आणि मी मशीन थांबवून बसले. त्या म्हणाल्या, “रविवारी गडी घरी, म्हंजे मला डब्बल काम. त्या दिवशी वशाट.” रविवारचं मटण कुठल्या खाणावळीत चांगलं, यावरून गडी खाणावळ बदलायचे. म्हणजे कामगाराच्या सुट्टीच्या दिवशी तिची खरी परीक्षा असायची. हे कामगार चळवळीच्या कुठल्याही इतिहासात मला वाचायला मिळालं नाही.

माझी आजी आजऱ्याकडची. लालबागला तिची खाणावळ होती, भरात असताना अडतीस माणसं. तिला लिहिता येत नव्हतं. मेंबरांची खाती ती चित्रांनी ठेवायची: एकाची छत्री, एकाचे दोन मासे, एकाची तुतारी, एकाचं नुसतं डोळ्यासारखं काहीतरी. ताटाला एक उभी रेघ, खाड्याला आडवी. सुरुवातीला हे सगळं कोळशाने भिंतीवर होतं. दर दिवाळीला रंग काढायचा म्हणून हिशोब दिवाळीआधी मिटवायचे, अशी पद्धत पडली होती. पुढे माझी आई शाळेत जायला लागली आणि भिंतीवरची चित्रं वहीत आली. चित्राखाली आई नाव लिहायची, पण सगळ्यांची नाही, कारण काही जणांचं खरं नाव आजीलाही ठाऊक नव्हतं.

ती वही माझ्याकडे आहे. निळ्या पुठ्ठ्याची, शंभर पानी, कोपरे उंदराने खाल्लेले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर. फेब्रुवारीपर्यंत वहीत दोन्ही बाजू भरलेल्या आहेत. मार्चपासून उभ्या रेघा चालू आहेत आणि जमेची बाजू कोरी. शिमग्यानंतर रेघाही विरळ होत जातात. गडी गावी जायला लागले. जूनमध्ये अडतीसांतले अकरा उरले होते. ते अकराही उधारीवर.

इथे फिल्मवाल्याचा हात वळवळतो. वाटतं, आता हळू संगीत लावावं आणि आजीला अन्नपूर्णा करून टाकावं. तसं मी करणार नाही. कारण आजी देवी नव्हती. ती आमटीत पाणी वाढवायची, हे आईने कॅमेऱ्यासमोर सांगितलं आहे. पैसे बुडवणाऱ्याला चाळीच्या जिन्यात उभं करून शिव्या द्यायची. १९८३ च्या गणपतीत तिने माझ्या मामाला गावोगाव वसुलीला पाठवलं होतं. तो तेरा दिवस फिरला आणि दीड पोतं तांदूळ व एक कोंबडा घेऊन परत आला. ती धंदा करत होती. तो धंदा गिरण्यांनी फुकट वापरला, कारण हजारो माणसांना इतक्या स्वस्तात कुणी जेवू घातलं नसतं तर त्या पगारात ती माणसं मुंबईत टिकलीच नसती. एवढंच मला फिल्ममधून म्हणायचं आहे. खाणावळ हे गिरणीचंच एक खातं होतं. विणकामाचं साचा खातं, सूतकताईचं त्रासन खातं, तसं हे चुलीचं खातं. फक्त त्याचा मस्टर, म्हणजे हजेरीपट, नव्हता.

मस्टर नसल्याचं पुढे काय झालं ते आपण जाणता. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अट पडली: १ जानेवारी १९८२ रोजी किंवा नंतर गिरणीच्या पटावर नाव हवं. २०१२ च्या जूनमध्ये म्हाडाने ६,९२५ घरांची सोडत काढली तेव्हा मंडळामंडळांत पेढे वाटले गेले. ज्यांना घरं लागली त्यांच्याबद्दल माझ्या पोटात दुखत नाही. लाखाच्या वर अर्ज आणि घरं इतकीच, त्यातही पैसे भरता भरता नाकी नऊ आले, हे मी पाहिलं आहे. पण आजीला अर्जच करता आला नसता. तिच्यासारख्या बाईचा पुरावा काय? निळी वही?

खाणावळवाल्यांना कामगार म्हणून पहिल्यांदा कुणी ओळखलं असेल तर ते प्रेमाताई पुरवांनी. गोवा मुक्तिसंग्रामातून आलेल्या ह्या बाईंनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि सावकाराच्या दारात उभ्या राहणाऱ्या बायकांना बँकेच्या दारात नेलं. फिल्ममध्ये तो भाग आहे आणि तो बघताना बरं वाटतं. आजी मात्र त्यात गेली नाही. बँकेत सही करावी लागते म्हणून घाबरली, असं आई सांगते.

आता जरा अवघड बोलते. फिल्म ७८ मिनिटांची आहे. त्यातली वीसेक मिनिटं जातीची आहेत. खाणावळी गावाच्या होत्या, असं आपण म्हणतो. पण गावाच्या म्हणजे गावातल्या कुणाच्या? गिरणीत विणकाम खात्यात दलितांना घेत नव्हते, कारण धोट्यातून, म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या साधनातून, सूत तोंडाने ओढावं लागे आणि दुसऱ्याला त्याचा विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. धोट्याला जो विटाळ, तोच ताटाला. माझी आजी नेहमी म्हणायची, “आमच्यात सगळी चालायची.” मी वहीतली नावं काढून गावं आणि आडनावं लावून बघितली. एकाच तालुक्यातली पाच गावं आणि दोन जाती. बीडीडी चाळीतल्या एका आजींची वेगळी खाणावळ होती. त्यांच्याकडे जेवणारे गडी माझ्या आजीच्या खोलीपासून दहा मिनिटांच्या अंतरावर राहायचे. दोघींनी एकमेकींचं नावही ऐकलं नव्हतं. त्या आजींना मी विचारलं, की तुमच्याकडे इतर कुणी जेवायला यायचं का? त्या हसल्या आणि म्हणाल्या, “यायचे की, रात्री. उजेडात न्हाई.”

ह्या वीस मिनिटांमुळेच मी आज तुमच्यापुढे उभी आहे. पैसे मिळत नव्हते असं नाही. एका गृहस्थांनी उरलेली सगळी रक्कम एकरकमी देऊ केली होती. चेकबुक टेबलावर होतं. फिल्म पाहून ते म्हणाले, “बाकी फर्स्टक्लास. तेवढं जातीचं काढा, उगाच जुन्या जखमा.” दुसऱ्या एका ठिकाणी अट होती की सुरुवातीला साहेबांचं दोन मिनिटांचं मनोगत हवं. ज्यांच्या टॉवरच्या जागेवर पूर्वी गिरणीचा भोंगा वाजायचा त्यांचं मनोगत. मी दोन्हीकडून उठून आले. घरी आल्यावर स्वतःचा रागही आला, खोटं कशाला बोलू. आईने विचारलं, “मग आता?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या सभेत एका तरुण सभासदाने विचारलं होतं, की डॉक्युमेंट्री हे सरकारचं काम नाही का? प्रश्न रास्त आहे. आपल्या पिढ्यांनी डॉक्युमेंट्री म्हणजे थिएटरात पिक्चरच्या आधी सक्तीने लागणारी फिल्म्स डिव्हिजनची रीळ, असंच पाहिलं. ती फुकट होती आणि तेव्हा आपण पॉपकॉर्न आणायला जायचो. १९४८ ला सुरू झालेली ती संस्था २०२२ मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली. शिष्यवृत्त्या, फेलोशिप असतात. मला एक मिळालीही, पहिल्या वर्षाचं चित्रीकरण तिच्यावर झालं. पण सुरू करायला पैसा देणारे सापडतात. पुरं करायला कुणी देत नाही, कारण शेवटचा खर्च कुणाला दिसत नाही.

तो दाखवते. एकूण हवे आहेत ८ लाख ६० हजार रुपये. त्यातला सगळ्यात मोठा आकडा ऐकून खजिनदार मंडळी खुर्चीतून उठतील: २ लाख ९० हजार, फक्त तीन मिनिटं चाळीस सेकंदांसाठी. संपाच्या काळात काढलेली चित्रफीत एका संग्रहाकडे आहे. मोर्चा, बंद फाटक, आणि त्यात एका बाजूला डोक्यावर डब्यांची पाटी घेऊन जाणाऱ्या दोन बायका. मोर्चाच्या उलट दिशेने. कॅमेरा त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही, त्या कोपऱ्यातून निघून जातात. मला अख्ख्या शोधात सापडलेलं चालत्या चित्रातलं हे एकमेव दृश्य. संग्रह सेकंदावर पैसे लावतो. कायद्याने फिल्मवरचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं चालतो; १९८२ ला दाखवलेली फीत १ जानेवारी २०४३ ला सगळ्यांसाठी मोकळी होईल. तोवर थांबायची माझी तयारी आहे. पण संपाच्या वेळी तीस वर्षांची असलेली खाणावळवाली तेव्हा एक्क्याण्णव वर्षांची असेल. मी ज्या नऊ जणींशी बोलले त्यांतल्या तिघी आताच नाहीत.

बाकी हिशोब असा की साउंडला १ लाख ८०, रंग सारखे करायला (सहा वर्षांत तीन कॅमेरे बदलले, एकाच आजीचं लुगडं तीन रंगांचं दिसतं) १ लाख २०, एडिटरची थकबाकी १ लाख १०, गाणारी जी चार माणसं आहेत त्यांचं मानधन आणि रेकॉर्डिंग ७० हजार, आणि हिंदी-इंग्रजी सबटायटल, सेन्सॉर, थिएटरची प्रत मिळून ९० हजार. माझं मानधन त्यात नाही. ते मी धरलंच नाही, आणि हे लिहिताना लक्षात येतं आहे की मीही आजीसारखाच मस्टरबाहेरचा हिशोब ठेवते आहे. असो.

साउंडचं थोडं सांगते, कारण एवढे पैसे कशाला हे सगळे विचारतात. नायगावच्या एका आजींना मी कॅमेऱ्यासमोर आमटी करायला सांगितली, चार माणसांची. त्यांनी तूर मोजून घेतली, पाणी मोजून घेतलं. मिठाच्या वेळी बोलता बोलता हात डब्यात गेला आणि मूठभर मीठ पातेल्यात पडलं. हाताला चाळीस माणसांची सवय. त्या क्षणभर पातेल्याकडे बघत राहिल्या आणि मग काहीच न बोलता त्यात तांब्याभर पाणी ओतलं, मग अजून एक, मग मोठं पातेलं मागितलं. शेवटी आम्ही मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावून ती आमटी संपवली. त्या दृश्यात संवाद नाही. त्यात आहे फक्त स्टोव्हचा फरफराट, पाणी ओतल्याचा आवाज, बांगड्या. पण बाहेर चाळ पाडायचं काम चालू होतं, त्यामुळे आत्ता ऐकू येतं ते फक्त ड्रिलिंग. एक जाणकार माणूस आठवडाभर बसून ते ड्रिलिंग बाजूला करील आणि बांगड्या वर आणील. त्याचे ते पैसे.

मागणी आता सोपी करते. आज महिन्याचं खाणं साधारण ३,५०० रुपयांना पडतं, आमच्या बाजूच्या पोळीभाजीवालीचा हाच दर आहे. तेच एकक धरलं आहे. एका जणाने एका महिन्याचं खाणं द्यावं. २४६ जणांनी दिलं की फिल्म पुरी. मंडळाने दिलं तर उत्तम, पाच सभासदांनी मिळून एक दिलं तरी चालेल. पण कुणीही दहा महिन्यांपेक्षा जास्त देऊ नये. पस्तीस हजारांच्या वरचा चेक मी परत करीन. ज्याचं ताट मोठं, त्याचा शब्द मोठा होतो, आणि मला पुन्हा त्या टेबलाशी बसायचं नाही.

तुमचाही शब्द एडिटिंगमध्ये चालणार नाही, हेही आत्ताच सांगते. आपल्या खोल्यांच्या भिंतींवर अध्यक्षांचे, संस्थापकांचे, शहीद झालेल्या गावच्या सुपुत्रांचे फोटो आहेत. मी अकरा मंडळांच्या भिंती चित्रित केल्या. त्यावर खाणावळवाली एकही नाही. सभासदांच्या जुन्या रजिस्टरमध्येही नाही, कारण सभासद गडीमाणूस, खोलीचं भाडं भरणारा. हे फिल्ममध्ये आहे, राहील. ते बघून राग येणाऱ्यांनी पैसे देऊ नयेत. रागावून चहाला मात्र बोलवावं.

गल्फमध्ये, अमेरिकेत असलेल्या गिरणगावच्या मुलांसाठी एक सूचना. भारतीय पासपोर्ट असेल तर आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवायला अडचण नाही. नागरिकत्व बदललं असेल तर तुमचा पैसा २०१० च्या कायद्याप्रमाणे परकीय योगदानात धरतात, आणि त्याची नोंदणी माझ्याकडे नाही. भावना पोचली, पैसे पाठवू नका. इथल्या चुलतभावाला सांगा. आयकरात सवलत मिळणारी पावतीही मी देऊ शकत नाही, मी संस्था नाही. साधी पावती मिळेल आणि दर महिन्याचा जमाखर्च मंडळाच्या फळ्यावर लागेल, जसा गणपतीचा लागतो तसा, बिलाच्या झेरॉक्ससकट. पुढच्या वर्षाच्या गणपतीपर्यंत रक्कम पुरी झाली नाही तर जे जमलं असेल ते ज्याचं त्याला परत.

फिल्म झाली की पहिला खेळ महोत्सवात होणार नाही. तो चाळीच्या पटांगणात होईल, पडदा बांधून, खाली सतरंज्या. नऊ जणींच्या पूर्ण मुलाखती, कापलेल्यासुद्धा, प्रत्येक मंडळाला हार्डडिस्कवर देईन.

पैसे नसतील त्यांनी पेट्या उघडाव्यात. खाणावळीच्या पावत्या, बाकी मागणारी पोस्टकार्डं, मंडळाचे जुने अहवाल, जेवणाच्या पंगतीचा एखादा फोटो ज्यात कडेला वाढणारीचा हात आला असेल. हातसुद्धा चालेल.

आणि चिटणीसांना विनंती, पुढच्या सभेत हा विषय आयत्या वेळी घेऊ नये. जमाखर्चाच्या आधी घ्यावा. कर्जतवाल्या काकांची गाडी चुकणार नाही इतक्यात मी आटपीन, आता सराव झाला आहे.

आपली,
छत्री-मासे-तुतारीवाल्या खाणावळीतली नात

ता. क. वहीतली चार खाती अजून ओळखू आलेली नाहीत. त्यांतलं छत्रीचं खातं १९८२ च्या जुलैत १९४ रुपये बाकीवर थांबतं. मग १९८४ च्या शिमग्यात त्याच चित्राखाली २० रुपये जमा. पुन्हा दिवाळीत २०. असे सात वेळा. शेवटची नोंद १९८७ ची आहे आणि त्यानंतर ५४ रुपये बाकी तशीच. आईला एवढंच आठवतं, की तो दुसऱ्या पाळीला होता, त्रासन खात्यात, आणि मिरची जास्त मागायचा. कुणाला माहीत असेल तर कळवावं.